बिशपचा डावा हात

शुक्रवारी दुपारी पावणेतीन वाजता बिशपसाहेब माझ्या ट्रेमध्ये दोन तुकडे होऊन तरंगत होते. एका तुकड्यावर ते स्वतः, आशीर्वादासाठी हात उचललेला. दुसऱ्या तुकड्यावर त्यांचं नाव आणि ढाल. मधल्या फटीतून ट्रेचा पांढरा तळ दिसत होता.

मी घाबरले नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आधी कड बघितली. फाटलेल्या कागदाची कड केसाळ असते. ही सुरीनं कापल्यासारखी सरळ होती. म्हणजे माझ्या हातून काही फाटलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी दोन वेगळे कागद खळीनं चिकटवले होते, ती खळ माझ्या कोमट पाण्यात विरघळली आणि जोड सुटला. एवढं कळल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण पडला नाही, कारण सोमवारी सकाळी हे चित्र बघायला मिस्टर हॅनिगन येणार होते.

"हेलन, इकडे येतेस का जरा?" मी हाक मारली.

हेलन माझी बॉस. तिनं ट्रेमध्ये पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "उजेडावर धरला नव्हतास?"

नव्हता धरला. तीच तर सगळी रड आहे.

आधी माझ्या कामाविषयी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी पेपर कॉन्झर्वेटर आहे. नकाशे, पत्रं, छापील चित्रं असे जुने कागद स्वच्छ करायचे, चिकटलेले सोडवायचे, फाटलेले सांधायचे. पुण्यात सासूबाई सगळ्यांना सांगतात की सून लंडनला म्युझियममध्ये असते. प्रत्यक्षात आमचा स्टुडिओ लंडनच्या पार टोकाला, क्रॉयडनला, ट्रामच्या स्टॉपमागे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला ऑफिसांना सँडविच पुरवणारे. स्टाफ म्हणजे मी आणि हेलन, आणि उन्हाळ्यात कधीतरी एखादी इंटर्न. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल.

मिस्टर हॅनिगन ते चित्र घेऊन जानेवारीत आले. ट्रामनं आले, चित्र दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून छातीशी धरलेलं. सत्तरी ओलांडलेली, उंच, शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं. एका जुन्या कॅथलिक लायब्ररीत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती आणि रिटायर झाल्यावर तिथेच व्हॉलंटियर म्हणून जात होते. इस्टरनंतर लायब्ररी एक छोटं एक्झिबिशन भरवणार होती. सतराव्या शतकातल्या धर्मगुरूंची कोरीव छापचित्रं, आणि त्यात मुख्य हे. पोस्टरवरही हेच. पण कुणीतरी ते कधीकाळी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं, आणि पुठ्ठ्यातलं ॲसिड कागदात उतरून बिशपच्या चेहऱ्यावर चहा सांडल्यासारखे डाग पडले होते.

"डॉक्टर, पेशंट वाचेल ना?" त्यांनी विचारलं. पहिल्या दिवसापासून ते मला डॉक्टरच म्हणत.

"वाचेल. पण मागचा पुठ्ठा काढावा लागेल आणि मग आंघोळ घालावी लागेल."

"पाण्यात."

"पाण्यात. छपाईची शाई तेलातली असते, तिला काही होत नाही."

हे त्यांना माहीत होतं, माझ्याकडून फक्त ऐकायचं होतं. मला कागदातलं कळतं, चित्रातलं फारसं नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला ते चित्र वाचायला शिकवलं.

बिशप काही गावोगाव फिरू शकत नसे. त्याचं चित्र फिरायचं. आपल्याकडे सरकारी कचेरीत साहेबांच्या डोक्यावर मोठ्या साहेबांचा फोटो लावतात, तसंच. त्यामुळे नुसता चेहरा काढून भागायचं नाही. हा माणूस कोण आणि त्याचं का ऐकायचं, हे वाचता न येणाऱ्यालाही समजायला हवं. मिस्टर हॅनिगन एकेका वस्तूवर पेन्सिलचं मागचं टोक धरत सांगत गेले. मागे खांब आणि वर गोळा केलेला जड पडदा, हे राजांच्या चित्रांतून उचललेलं. छातीवर क्रॉस. उंच टोपी डोक्यावर नाही, बाजूला काढून ठेवलेली, म्हणजे अधिकार आहे पण मिरवत नाही. डावीकडे ओट्यावर जाडजूड पुस्तक, म्हणजे विद्वान. सगळ्यात खाली घराण्याची ढाल, आणि ढालीवर रुंद काठाची हॅट, तिला दोन्ही बाजूंनी लोंबणारे गोंडे. ते गोंडे मोजायचे. बिशपचे सहसा सहा-सहा, वरच्या पदाचे जास्त.

"पोलिसांच्या खांद्यावरच्या फितीसारखं," मी म्हणाले.

"अगदी तसंच. आता हात बघा."

बिशपनं डावा हात उचलला होता. अंगठीही त्याच हातात. उजवा हात झग्याच्या घड्यांत पूर्ण झाकलेला.

आशीर्वाद उजव्या हातानं देतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी डावखुरी आहे. लहानपणी डोंबिवलीला शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण असला की मी प्रसादासाठी डावा हात पुढे करायची. काकू द्रोण मागे घ्यायच्या, "उजवा" म्हणायच्या, आणि मी हात बदलेपर्यंत थांबायच्या. ओरडायच्या नाहीत, फक्त थांबायच्या. सगळी मुलं बघत असायची. पुढे ह्याच डाव्या हातानं मी पोट भरायला लागले, पण देवासमोर उभी राहिले की अजून तो आपोआप पाठीमागे जातो. त्यामुळे त्या बिशपकडे बघून मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं. एवढा पडदा, एवढे गोंडे, आणि हात डावा.

तरी मी विचारलं, "चूक नसेल ना ही? छापताना चित्र उलटं होतं म्हणून म्हणते."

इथे थोडं तांत्रिक सांगते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरतात, कोरलेल्या रेघांत शाई भरतात आणि पत्रा ओलसर कागदावर दाबतात. छापलेलं चित्र आरशातल्यासारखं येतं, डावीकडचं उजवीकडे. म्हणून मूळ कोरणारा पत्र्यावर मुद्दाम उलटं कोरतो. पण गाजलेल्या चित्रांच्या चोरट्या नकला निघायच्या, आणि नक्कल करणारा एवढे कष्ट घेत नसे. छापील चित्र समोर ठेवायचं आणि दिसतं तसं पत्र्यावर उतरवायचं. मग त्याचं छापून उलटं यायचं.

"आळशी नकला," मिस्टर हॅनिगन हसत म्हणाले. "त्यांच्यात सगळे संत डावखुरे असतात. मलाही आधी तेच वाटलं होतं. मग मी ढाल बघितली."

ढालीचे दोन भाग असतात. एकात बिशपच्या प्रांताची खूण, दुसऱ्यात त्याच्या घराण्याची. कुठली खूण कुठल्या बाजूला हे ठरलेलं असतं. ह्या चित्रात त्या जागच्या जागी होत्या. ढाल सुलटी, म्हणजे चित्र सुलटं. चित्र सुलटं, म्हणजे हात खरंच डावा. शिवाय एका जुन्या पत्रात ह्या बिशपांच्या अधू हाताचा उल्लेख त्यांना सापडला होता. कुठला हात ते लिहिलेलं नव्हतं, पण चित्रात उजवा झाकलेला होताच. त्यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती, ती एक्झिबिशनच्या दिवशी यायची होती. तीस वर्षं मनात घोळवलेली आणि दोन वर्षांत लिहिलेली.

हे सांगताना त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. त्याला अंगठा नव्हता आणि अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं.

"सतराव्या वर्षी," ते म्हणाले. "वडिलांचं सुतारकाम होतं. लाकूड कापायचं मशीन. सप्टेंबरमध्ये सेमिनरीत जायचं ठरलं होतं."

सेमिनरी म्हणजे प्रीस्ट होण्याचं शिक्षण जिथे देतात ती शाळा. त्यांच्या पूजेत पवित्र भाकर ह्याच दोन बोटांत धरायची असते. ती बोटं नसलेल्या माणसाला त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रीस्ट होता येत नसे. खास परवानगी मागून बघितली. मिळाली नाही.

"पुढे नियम सैल झाला," ते म्हणाले. "तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. मग काय, पुस्तकं लावत राहिलो. आणि एक दिवस एका खोक्यात हे सापडले. ह्यांना चालवून घेतलं होतं, डॉक्टर. नुसतं चालवून घेतलं नाही, चित्र काढून गावोगाव पाठवलं."

मी चित्र पुठ्ठ्यासकट ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पावती लिहून दिली.

पुठ्ठा काढायला तीन आठवडे लागले. मागच्या बाजूनं, थराथरानं, बोथट सुरीनं. शेवटचा पातळ थर उरला की कागद लाइट टेबलवर ठेवायचा, म्हणजे खालून दिवे असलेल्या काचेवर. जुन्या दुरुस्त्या, विरलेल्या जागा, जोड, सगळं आरपार दिसतं. मग जे दिसेल त्याप्रमाणे पाण्यात घालायचं की नाही ते ठरवायचं. कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी इंटर्नना शंभरदा ऐकवलं असेल.

त्या शुक्रवारी लाइट टेबल अडकलेलं होतं. त्यावर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक भलामोठा नकाशा वजनाखाली वाळत होता आणि तो सोमवारपर्यंत हलवायची सोय नव्हती. हेलन म्हणालीही, "बिशप मंगळवारी कर की." पण सोमवारी मिस्टर हॅनिगन सहज बघायला येणार होते, आणि मला त्यांना स्वच्छ चेहरा दाखवायचा होता. खिडकीशी धरलं असतं तरी भागलं असतं. तेवढा नाजूक कागद उभा धरायला नको वाटलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे घाई झाली होती. चार कोपऱ्यांत शाईची टेस्ट घेतली, ठीक आली, आणि सोडला पाण्यात. वीस वर्षं काम करणारी बाई नवशिक्या पोरीसारखी चुकले, आणि तेही कुणी मागे लागलेलं नसताना.

तर पावणेतीन वाजता आम्ही दोघींनी ते तुकडे जाळीवर उचलून घेतले. हेलननं डेस्कवरचा दिवा आणला. हातकागद तारांच्या चौकटीवर बनतो आणि त्या तारांच्या रेघा कागदात राहतात. उजेडासमोर धरलं की दिसतात. वरच्या तुकड्यात रेघा उभ्या होत्या, खालच्यात आडव्या. दोन वेगळे कागद. पूर्वी व्यापारी हे सर्रास करायचे. एका प्रतीचा खालचा भाग कुजलेला, दुसरीचा वरचा फाटलेला, मग दोन्ही मिळून एक चांगली प्रत करायची. जोडणारा हुशार होता. बिशपची चौकट संपून ढाल सुरू होते तिथे दगडी ओट्याची एक काळी रेघ आहे, त्या रेघेतच त्यानं जोड लपवला होता.

एवढंच असतं तर मी पुन्हा जोडून मोकळी झाले असते. पण खालच्या तुकड्याची नखाएवढी पट्टी इतकी वर्षं वरच्या तुकड्याखाली दडलेली होती, ती आता उघडी पडली होती. त्या पट्टीवर पुस्तकाचा एक कोपरा छापलेला होता, उजवीकडे. वरच्या तुकड्यात पुस्तक डावीकडे आहे.

हेलन बराच वेळ भिंगातून बघत राहिली.

"म्हणजे खालचा तुकडा मूळ चित्राचा," ती म्हणाली. "आणि वरचा नकलेचा."

"हो."

"उलट्या नकलेचा."

"हो."

"मग मूळ चित्रात हात?"

"उजवा," मी म्हणाले.

ढाल सुलटी होती, कारण ती दुसऱ्याच कागदावरची होती. ज्या ढालीच्या भरवशावर मिस्टर हॅनिगन तीस वर्षं त्या हाताकडे बघत आले, तिचा त्या हाताशी काही संबंधच नव्हता. मूळ चित्रात बिशपनं चारचौघांसारखा उजवा हात उचलला होता आणि डावा थंडीत ठेवावा तसा झग्यात ठेवला होता. मला रडू आलं. हेलननं केटल लावली. इथे काहीही झालं की आधी केटल लावतात.

"रिपोर्टमध्ये लिहावं लागेल," ती म्हणाली.

"आधी त्यांना सांगायला हवं."

"आपला क्लायंट लायब्ररी आहे, मिस्टर हॅनिगन नाहीत. रिपोर्ट लायब्ररीला जाईल." मग म्हणाली, "सांगायचं असेल तर तू सांग, सुजाता. मला नाही जमणार."

घरी मिलिंदला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. तो एका बँकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"अगं, पण तू काय केलंयस त्यात?" तो म्हणाला. "चित्र आधीपासूनच जोडलेलं होतं."

"पाण्यात मी घातलं ना."

"नसतं घातलंस तर?"

"तर कुणाला कळलं नसतं. त्यांचं पुस्तक आलं असतं. सुखानं मेले असते ते."

"मग परत जोड आणि गप्प बस."

त्याच्या जगात प्रत्येक गोष्टीला रोलबॅक असतो, बटण दाबलं की केलेलं सगळं पूर्ववत. मी त्याच्यावर इतकी चिडले की शनिवारचा आख्खा दिवस बोलले नाही. चिडले, कारण शुक्रवारपासून माझ्या डोक्यात दुसरं काही चाललंच नव्हतं.

सोमवारी दहाला ते आले. बिस्किटांचा डबा घेऊन आले. बिशप ब्लॉटिंग पेपरच्या मध्ये, वजनाखाली होते.

"डॉक्टर, पेशंट?"

"विश्रांती घेतायत. आज नाही दाखवता येणार."

"डाग गेले?"

"बरेचसे. चेहरा स्वच्छ आला."

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांना एवढा आनंद झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी बॅगेतून पुस्तिकेचं प्रूफ काढलं. मुखपृष्ठावर तो हात, फक्त हात. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ज्यांना नाही म्हटलं गेलं त्यांना. आभारांच्या पानावर माझं नाव, आडनावासकट, स्पेलिंग न चुकता. इथे वीस वर्षांत माझं आडनाव बरोबर लिहिणारे लोक मी बोटांवर मोजू शकते.

"बुधवारी प्रिंटरला जायचंय," ते म्हणाले. "कागदाबद्दल मी काही चुकीचं लिहिलं असेल तर बघाल का? तुमचं नाव आहे त्यात, उगाच तुमची बदनामी नको."

यापेक्षा सोपी संधी देवानं कुणाला दिली नसेल. माणूस समोर बसलाय आणि स्वतःच्या तोंडानं विचारतोय, काही चुकलंय का. हेलन आमच्याकडे पाठ करून काम करत होती, पण तिचा ब्रश थांबलेला मला दिसला. मी पानं चाळली. कागदाबद्दल एकच वाक्य होतं. चित्र एकाच अखंड कागदावर छापलेलं आहे, असं.

"घरी नीट वाचते आणि कळवते," मी म्हणाले.

"सावकाश," ते म्हणाले, आणि ट्रामच्या वेळेला निघून गेले.

नाही कळवलं. मंगळवारी फोन उचलला आणि ठेवला. बुधवारी बरं नाही म्हणून हेलनला कळवलं आणि घरी बसले. डोकं खरंच दुखत होतं. गुरुवारी वाटलं, आता छापायला गेलंच असेल, आता सांगून काय उपयोग. भित्र्या माणसाला कॅलेंडर फार मदत करतं. त्या आठवड्यात मी स्वतःशी जितकं खोटं बोलले तितकं आयुष्यात बोलले नसेन.

मग मी चित्र जोडलं. गव्हाच्या सत्त्वाची खळ, मागे जपानी कागदाची पातळ पट्टी, दोन दिवस. तो जोड माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला जोड आहे. चार पानी रिपोर्ट लिहिला. मुद्दा पाच, पाण्याचं तापमान. मुद्दा सात, खळीचं प्रमाण. मुद्दा सहा असा: 'वरचा व खालचा भाग वेगवेगळ्या प्रतींचे असून वरचा भाग उलट्या नकलेचा असण्याची दाट शक्यता आहे.' शक्यता कसली, मला खात्री होती. पण रिपोर्टात असंच लिहितात. चित्र कुरियरनं लायब्ररीत गेलं, तिथे फ्रेममध्ये बसलं, आणि मग रिपोर्ट डायरेक्टरच्या नावे पोस्टानं पाठवला. आमचे रिपोर्ट कुणी वाचत नाही, नुसते फाइल होतात. इतक्या वर्षांत रिपोर्टातल्या कुठल्याही मुद्द्यावरून मला एकही फोन आलेला नव्हता.

त्या लायब्ररीत टपाल उघडून फाइल करायचं काम मिस्टर हॅनिगन करत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. आता सांगता येत नाही.

एक्झिबिशनचं उद्घाटन शनिवारी दुपारी होतं. मी आणि हेलन गेलो. लायब्ररीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, बाहेर पोस्टर, पोस्टरवर बिशप. दाराशी टेबल होतं. त्यावर लीफलेट्स होती, पुस्तिका नव्हती. मी टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं.

मिस्टर हॅनिगन बोलायला उभे राहिले. पडदा सांगितला, खांब सांगितला, क्रॉस, काढून ठेवलेली टोपी. लोकांकडून मोठ्यांदा गोंडे मोजून घेतले, लोकांना मजा आली. डाव्या हातानं एकेक दाखवत होते. उजवा हात कोटाच्या खिशात होता. आमच्या स्टुडिओत तो नेहमी टेबलावर उघडा असायचा, इतका की मी त्याच्याकडे बघायचीही विसरून गेले होते. इथे पाऊण तासात तो एकदाही खिशाबाहेर आला नाही. बिशपच्या हाताबद्दलही ते एक अक्षर बोलले नाहीत.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "पण हे डाव्या हातानं का आशीर्वाद देतायत?"

"नक्कल करणाऱ्याची चूक आहे," मिस्टर हॅनिगन म्हणाले. "आळशी नक्कल. अशा चित्रांमध्ये सगळे संत डावखुरे असतात."

लोक हसले. तेही हसले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते, हेलननं माझा दंड धरला.

चहाच्या वेळी ते स्वतःच माझ्याकडे आले.

"जोड सुंदर झालाय, मिसेस लिमये," ते म्हणाले. "मला शोधावा लागला."

डॉक्टर म्हणाले नाहीत.

"मिस्टर हॅनिगन, मी तुम्हाला सांगणार होते."

"तुम्ही लिहिलंत. मी वाचलं. व्यवस्थित लिहिलंय."

"मी फोन करायला हवा होता. त्या सोमवारीच सांगायला हवं होतं."

त्यांनी विचार केला. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी माफी मागून मोकळी झाले असते.

"हो," ते म्हणाले. "सोमवारी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला काहीतरी विचारलं असतं. रिपोर्टला काय विचारणार?"

"काय विचारलं असतंत?"

"आता आठवत नाही," ते म्हणाले. तेवढ्यात डायरेक्टरनं त्यांना फोटोसाठी बोलावलं आणि ते गेले. फोटोत ते बिशपच्या बाजूला उभे आहेत, हात खिशात.

पुस्तिका छापून झाल्या होत्या. सोमवारी मी तोंड उघडलं असतं तर निदान प्रूफवर थांबल्या असत्या. त्यांनी सगळे गठ्ठे प्रिंटरकडून परस्पर रिसायकलिंगला पाठवले, हे हेलनला नंतर लायब्ररीतल्या कुणीतरी सांगितलं. एकही प्रत ठेवली नाही. उन्हाळ्यापासून त्यांनी व्हॉलंटियरचं कामही बंद केलं. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. दुसरं लिहायचं धाडस झालं नाही.

दोनेक वर्षांनी त्याच लायब्ररीचं दुसरं काम निघालं, ओल आलेल्या पुस्तकांचं. तिथल्या नव्या बाईंना मी मिस्टर हॅनिगनबद्दल विचारलं. गेल्या हिवाळ्यात वारले, त्या म्हणाल्या. मी बिशपची फाइल मागितली. कामाला लागणार आहे म्हणाले, ते खोटं होतं.

माझा रिपोर्ट त्यात होता, तारखेप्रमाणे बरोबर जागी लावलेला. तिसऱ्या पानावर मुद्दा सहाच्या शेजारी, मार्जिनमध्ये, डाव्या हाताचं तिरपं पेन्सिलचं अक्षर. 'खिडकीशी धरून पाहिलं. वर रेघा उभ्या, खाली आडव्या.' खाली सही, आणि रिपोर्ट पोचला त्याच दिवसाची तारीख. म्हणजे टपाल उघडलं, वाचलं, आणि एकट्यानं ते चित्र फ्रेमबाहेर काढून उरलेल्या तीन बोटांनी उजेडासमोर धरलं. जे मी त्या शुक्रवारी केलं नाही ते. माझ्या वाक्यातलं 'असण्याची दाट शक्यता' त्यांनी एका सरळ रेघेनं खोडलं होतं. त्याच्यावर नीट लिहिलं होतं, 'निश्चित'.

मी फाइल परत दिली आणि बाहेर येऊन ट्रेनची वाट बघत प्लॅटफॉर्मवर रडले.

आता मी इंटर्नना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगते. पाण्यात घालायच्या आधी कागद उजेडावर धरा. आणि रिपोर्टात मुद्दा सहासारखं काही लिहायची वेळ आली, तर लिहायच्या आधी फोन करा. पहिली गोष्ट त्या वहीत लिहून घेतात. दुसरी कुणीच लिहून घेत नाही.